शंतनूचे चाळीस शिपाई

उस्मानपुऱ्यातल्या एका गल्लीत फोटोवरून छोटे पुतळे करून देणारं दुकान आहे. मशीनमधून पांढरेफटक नवरा-नवरी बाहेर पडतात, आणि त्यांना माणसासारखं करायचं काम रूपाली साळवेकडे असायचं. वडील सखाराम दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यामुळं ब्रश तिच्या हातात लहानपणापासून होता. गिऱ्हाईक फोटो दाखवायचं आणि हमखास म्हणायचं, "पोरगी जरा उजळ करा." रूपाली मान हलवायची आणि फोटोत होता तोच रंग लावायची. अजून कुणी तक्रार केली नव्हती.

एप्रिलमध्ये एक साठीच्या बाई दुकानात आल्या. गारखेड्याच्या कालिंदी सेलूकर. त्यांनी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली आणि उलगडून काउंटरवर ठेवली. आत अंगठ्याच्या पेराएवढा एक शिपाई होता. हातात भाला, डोक्याला लाल मुंडासं, अंगावर निळा अंगरखा. अंगरख्याचा निळा खांद्यावर फिकट होता आणि घोळाकडं जाताजाता जवळजवळ काळा होत होता. मध्ये रेघ नव्हती, कुठं एक रंग संपला आणि दुसरा लागला ते कळत नव्हतं. रूपालीनं भिंग लावून बघितलं, तरी कळलं नाही.

"कुणी केलं हे?"

"माझ्या मुलानं. शंतनूनं. गेला तो गेल्या जूनमध्ये. बीड बायपासला, गाडीवरून." कालिंदीबाई हे सगळं एका दमात बोलल्या. "असे चाळीस करणार होता. एकतीस झाले, नऊ रंगवायचे राहिलेत. वर्षश्राद्धाच्या आत मला ते पुरे करून हवेत. पण घराबाहेर न्यायचे नाहीत. हा एवढा एक आणला, तर रिक्षात जीव मुठीत धरून बसले होते."

दुकान उन्हाळ्यात एक ते चार बंद असायचं. रूपाली म्हणाली, "दुपारी येऊ शकते मी."

शंतनूची खोली जिन्याच्या वर होती. एकतीस वर्षांचा, बिनलग्नाचा, एका आर्किटेक्टकडं कॉम्प्युटरवर नकाशे काढणारा मुलगा. टेबलावर दिवा, ब्रश, रंगाच्या बाटल्या आणि काचेच्या कपाटात ते शिपाई. जुन्या दख्खनच्या फौजेतले, घोडेस्वार, भालाईत, तोफेवरचे हबशी गोलंदाज. घरात वडीलही होते. श्रीनिवासराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. रूपाली पहिल्या दिवशी गेली तेव्हा त्यांनी पेपर खाली केला नाही.

"त्या खेळण्यांसाठी आलात का? वर जा," ते म्हणाले. मग पेपरातूनच म्हणाले, "यात जेवढं लक्ष घालायचा, त्याच्या निम्मं रस्त्यावर घातलं असतं तर बरं झालं असतं. पोलीस म्हणाले, ट्रक उभा होता. उभ्या ट्रकवर गेला. किती जोरात चालवत असेल!"

कालिंदीबाईंनी जिन्याकडं हात केला. ही वाक्यं घरात रोज बोलली जात असावीत असं रूपालीला वाटलं.

पहिले चार दिवस वाया गेले. पुतळे रंगवायची तिला सवय होती, पण असे नाही. ॲक्रिलिक रंग मिनिटभरात वाळतो. तेलरंगासारखं मागून येऊन दोन रंग एकमेकांत फिरवता येत नाहीत. त्यात मराठवाड्याचा एप्रिल. पंखा लावला की रंग ब्रशच्या टोकावरच सुकायचा, बंद केला की घाम पुतळ्यावर टपकायचा. तिनं केलेल्या अंगरख्यावर निळ्याच्या चार पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या. तो पुसून तिनं पुन्हा केला. पुन्हा पायऱ्या.

मग तिला खणात शंतनूची वही सापडली. अक्षर बारीक आणि नेटकं होतं. 'रंग दुधासारखा नको, ताकाच्या निवळीसारखा हवा. लावलेला थर डोळ्यांना दिसला, तर तो जाड झाला.' पुढं लिहिलं होतं, 'अठरा ते वीस थर. प्रत्येक थर वाळू द्यायचा. ब्रश ओढायचा तो सावलीकडून उजेडाकडं, आणि उचलायचा तिथंच, कारण रंग उचलतो त्या जागी साठतो.' डब्याच्या तळाशी ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग ठेवला की तो दिवसभर ओला राहतो, हेही त्यानं चित्र काढून दाखवलं होतं. रूपालीनं तसं केलं. पंखा बंद करून कूलर लावला. आठव्या दिवशी पहिल्या शिपायाच्या खांद्यावरचा निळा रेघ न सोडता खाली उतरला, तेव्हा तिनं कालिंदीबाईंना हाक मारली.

बाईंनी भिंगातून बराच वेळ बघितलं. "त्याच्यासारखंच आहे गं," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावून खाली गेल्या. पहिल्या दिवशी रूपालीला कागदी कपात पाणी आलं होतं. त्या दुपारी घरातल्या पेल्यातून पन्हं आलं. दोन्ही गोष्टी रूपालीनं पाहिल्या आणि पन्हं पिऊन टाकलं.

त्यानंतर कालिंदीबाई तिच्याजवळच बसू लागल्या. शंतनू लहानपणी कसा होता, सई नावाची बहीण पुण्याला कशी असते, ती रोज फोन कसा करते, असं काहीबाही सांगायच्या. रूपाली ऐकत काम करायची.

मेच्या मध्यावर पाच शिपाई झाले होते. उरलेल्यांत दोन हबशी होते. शंतनू काळ्या कातडीला खालून जांभळट रंग द्यायचा, तो नेमका कसा, हे बघायला तिनं कपाटातले सगळे पुतळे टेबलावर काढले. प्रत्येकाच्या बैठकीखाली त्यानं तारीख घातली होती, म्हणून तिनं ते तारखेनं ओळीत लावले. आणि ओळीच्या मध्यावर तिची नजर अडकली.

पहिल्या वीस पुतळ्यांत एकही चूक नव्हती. एकविसाव्याच्या, म्हणजे अपघाताआधीच्या सप्टेंबरातल्या, एका डोळ्याचा ठिपका गालावर उतरला होता. पुढच्या दोघांचे पट्टे हलले होते. डिसेंबरपासून पुढं रंग एकमेकांत मिसळणं बंदच झालं होतं. तिच्या स्वतःच्या पहिल्या अंगरख्यावर होत्या तशा पायऱ्या इथंही होत्या. फेब्रुवारीत त्यानं मोठा ब्रश घेतला होता आणि कोरड्या रंगानं नुसतं घासून काम उरकलं होतं. शेवटच्या पाच पुतळ्यांवर फटकारे उलट्या बाजूनं आले होते. एका माणसाचं काम मागंमागं जात होतं. माणूस जे शिकला ते एकदम विसरत नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

तिनं ब्रश डाव्या हातात घेतला आणि एका फुकट गेलेल्या तुकड्यावर ओढून बघितला. फटकारा तसाच आला.

"काकू," ती म्हणाली, "शंतनूदादा डावखुरे होते का हो?"

"छे. का गं?"

रूपालीनं एकेक पुतळा त्यांच्या पुढ्यात ठेवून दाखवलं. तिला वाटत होतं, आपण चांगलं काही करतोय. या घरात वर्षभर पोराला बेफाम म्हणतात. तो बेफाम नव्हता, हे तरी त्याच्या आईला कळावं. "त्यांचा उजवा हात चालत नव्हता, काकू. एकदम नाय, हळूहळू. सप्टेंबरपासून. शेवटी शेवटी तर त्यांनी डाव्या हातानं रंगवलंय."

कालिंदीबाई म्हणाल्या, "काहीतरीच." मग म्हणाल्या, "त्या दिवाळीपासून वरणभातही चमच्यानं खायला लागला होता. मी म्हटलं, ऑफिसात सवय लागली असेल." त्यांनी एक पुतळा हातात घेतला. "शर्ट घालायचा बंद झाला. टी-शर्टच. बटणं..." त्यांचा उजवा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला. "दोन कप फोडले त्यानं. मी चिडले होते."

"गाडीचा पुढचा ब्रेक उजव्या हातालाच असतो," रूपाली म्हणाली. "आणि ॲक्सिलरेटर पण. ते जोरात नसतील चालवत, काकू. हातानं दगा दिला आसंल."

जिन्यात आवाज झाला. श्रीनिवासराव दारात उभे होते. कधीपासून, कुणास ठाऊक. वर्षभरात ते या खोलीत आले नव्हते.

"दाखव," ते म्हणाले.

रूपालीनं पुन्हा सगळं दाखवलं. त्यांनी भिंग धरलं, एकेक पुतळा उचलला, खालची तारीख वाचली, ठेवला. एकतीसही बघितले. मग ते शंतनूच्या खुर्चीत बसले.

"त्या दिवशी," ते कालिंदीबाईंकडं न बघता म्हणाले, "आंब्याची पेटी द्यायची होती. बायपासपलीकडच्या सातारा परिसरात, माझ्या ऑफिसातल्या बद्रीनाथकडं. तू देवळात गेली होतीस. तो म्हणाला, बाबा, मी रिक्षानं जातो. मी म्हटलं, दारात गाडी असताना रिक्षा कशाला? तो म्हणाला, आज नको वाटतंय गाडी. मी म्हटलं..."

कूलरचा आवाज चालू होता.

"काय म्हटलंत?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"मी म्हटलं, हात मोडलेत का तुझे?"

कालिंदीबाई उठल्या. त्यांनी टेबलावरचे पुतळे एकेक करून कपाटात ठेवले, सावकाश, तारखेच्या ओळीनं. काच ओढून घेतली. मग त्या नवऱ्याच्या अंगावरून, त्याला न शिवता, खोलीबाहेर गेल्या.

रूपाली घरी आली ती न जेवता झोपली. दुसऱ्या दिवशी तिनं आईला, सत्यभामाला, सगळं सांगितलं. "मी कशाला तोंड उघडलं, आई? त्यांचं काय चुकीचं चाललं होतं? पोरावरचा एक राग तर होता धरून राहायला."

सत्यभामा भाकरी थापत होती. "तू खोटं बोललीस का?"

"नाय."

"मग झालं. पण आता अर्ध्यावर टाकून पळू नको. काम घेतलंय तर पुरं कर."

रूपाली गेली तेव्हा दार श्रीनिवासरावांनी उघडलं. आदल्या रात्रीच सई पुण्याहून गाडी घेऊन आली होती आणि पहाटे आईला घेऊन गेली होती. जाताना सई वडिलांशी भांडली, मग दारात उभी राहून रडली. तिला ठाऊक होतं. जायच्या आधीच्या दिवाळीत शंतनू तिला फोनवर म्हणाला होता, हाताला मुंग्या येतात, पकड सुटते. तिनं सांगितलं होतं, दिवसभर माउस धरतोस, दुसरं काय होणार, मानेचे व्यायाम कर. हे श्रीनिवासरावांनीच रूपालीला सांगितलं, दारात उभं राहून.

"तू मात्र काम थांबवू नकोस," ते म्हणाले. "शंतनूच्या आईनं सांगितलंय, नऊ पुरे झालेच पाहिजेत."

पुढचे पंधरा दिवस रूपाली वर काम करायची आणि ते दुपारभर जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसून असायचे. आत यायचे नाहीत. एखाद्या दिवशी एखादा प्रश्न विचारायचे. "दुखत असेल का त्याला?" किंवा, "डाव्या हातानं एक करायला किती दिवस लागत असतील?" रूपालीला ठाऊक असेल ते ती सांगायची, नसेल तर "माहीत नाय काका" म्हणायची. एकदा ते म्हणाले, "नुसतं म्हणाला असता, बाबा, हात चालत नाही." तिनं ब्रश पाण्यात बुडवला. मग ते स्वतःच म्हणाले, "मी काय म्हटलं असतं, तेही मला माहीत आहे."

शेवटचा हबशी गोलंदाज तिनं चार दिवस रंगवला. बावीस थर दिले. जांभळ्यावरून काळा आणि काळ्यावरून गालाच्या हाडावरचा तांबूस उजेड असा चढवला की तो आपणच केलाय हे तिचं तिलाच खरं वाटेना. आनंद म्हणावा असं काही तिला झालं नाही.

वर्षश्राद्धाला कालिंदीबाई आल्या. गुरुजी आले, पिंड झाले. गुरुजींनी सांगितलेलं सगळं श्रीनिवासरावांनी केलं. त्यांच्या मुठीतून तीळ सांडले, ते सईनं गोळा केले. पंगतीत कालिंदीबाई त्यांच्या समोर बसल्या नाहीत. स्वयंपाकघरात दोन घास खाल्ले आणि वर आल्या. रूपाली तिथं होती. तिला बोलावणं होतं, पण पंगतीत बसायला तिचं मन झालं नव्हतं.

कालिंदीबाईंनी एक पुठ्ठ्याचं खोकं आणलं होतं. त्यात त्यांनी एकतीस शिपाई मऊ कागदात गुंडाळून भरले. वाकडे डोळेवाले, पायऱ्या पडलेले, सगळे. नंतर नव्या नऊंकडं बघितलं.

"फार छान केलेस गं," त्या म्हणाल्या. "हे इथंच राहू देत. त्यांच्यासाठी."

"काकू, सगळे एकत्र असावेत म्हणूनच तर..."

"त्याच्या हातचं त्यांच्याजवळ काही ठेवायचं नाही मला." आवाज चढला नाही की कापला नाही. त्यांनी खोक्याला सुतळी बांधली, रूपालीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खाली उतरल्या. गाडी सुरू झाल्याचा, मग वळणावर हॉर्नचा आवाज आला.

रूपाली ब्रश धूत होती, तेव्हा श्रीनिवासराव त्या दुपारनंतर पहिल्यांदाच खोलीत आले. उपरण्यावर तिळाचे दाणे चिकटलेले होते. कपाटात नऊ शिपाई एका कोपऱ्यात उभे होते, बाकी फळी रिकामी. त्यांनी त्यातला गोलंदाज उचलला.

"यात," त्यांनी विचारलं, "त्याच्या हातचं काही आहे?"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. कोणता पट्टा, कोणता बूट, काहीही दाखवता आलं असतं. ते भिंगातून तेवढी जागा बघत बसले असते.

"नाय काका," रूपाली म्हणाली. "सगळं माझंच आहे."

त्यांनी मान डोलावली. पुतळा होता तिथं ठेवला, भाला पुढं येईल असा फिरवला. "बस," म्हणाले. "चहा टाकतो."

ते खाली गेले. स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं एकेक करून उघडल्याचा, पुन्हा लावल्याचा आवाज येत राहिला. साखर कुठं असते हे त्यांना माहीत नव्हतं. रूपालीनं हात पुसले आणि ती खाली निघाली.