कुणाचा हात न लागलेली फाइल

चन्नाप्पांचा उजवा हात टेम्पोखाली सापडला तो गडमुडशिंगीच्या फाट्यावर, पण त्यांच्या डोक्यात संशय शिरला तो दवाखान्यात. शेजारच्या खाटेवरचा माणूस सहज बोलून गेला, "पावणं, कागद सांभाळा. विमा कंपनीची माणसं कागद गायब करत्यात." तो दुसऱ्या दिवशी बरा होऊन घरी गेला. चन्नाप्पांनी त्याचं वाक्य तेवढं गाठीला बांधलं.

तसा माणूस मुळातच व्यवस्थित. गावात किराण्याचं दुकान, साखरेचा दाणा इकडचा तिकडं होऊ द्यायचे नाहीत. आता हाताची बोटं मिटेनात, तराजू उचलेना. सगळी भिस्त भरपाईच्या दाव्यावर. तो मिळाला तर दुकानात एक गडी ठेवता येणार होता. नाहीतर शटर ओढायचं आणि उरलेलं आयुष्य मुलाच्या तोंडाकडं बघत काढायचं. म्हणून त्यांनी कागद जपले, आणि जपले तरी कसे! गोळ्यांच्या पावत्या, एक्स-रे, पंचनाम्याची नक्कल, सगळं तारीखवार लावलेलं. रिक्षावाला पावती देईना, तर त्याच्याकडून सिगारेटच्या पाकिटावर भाडं लिहून सही घेतली. सगळ्यांत वर डॉक्टरांचा दाखला: हात पस्तीस टक्के कायमचा अधू. फाइल कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली गळ्यातल्या लिंगाशेजारी.

इथवर कुणी नावं ठेवली नसती. पण संशयाला भाकरी घालावी लागत नाही, तो आपोआप पोसतो. एस.टी.च्या थांब्यावर कुणी "हात कसा हाय आता?" विचारलं, की चन्नाप्पा हात टॉवेलाखाली घ्यायचे. हा नक्की कंपनीचा माणूस! आपलेच इंगवले वकील म्हणाले, "फाइल ठेवून जावा, निवांत बघतो." चन्नाप्पांनी एकेक कागद आपल्या हातात धरून त्यांना लांबूनच दाखवला. "बघितलासा न्हवं? अस्सल कोर्टातच काढणार." वकिलांनी कपाळाला हात लावला.

घरात सून होती पवित्रा, निपाणीकडची, शिकलेली. ती एकदा म्हणाली, "मामा, सगळ्याच्या झेरॉक्स काढून ठेवूया की."

"कुणाला पायजेत झेरॉक्स?"

"आपल्यालाच की."

"आपल्याकडं अस्सल हाय. नक्कल लागती ती दुसऱ्याला."

एवढंच बोलून ते थांबले असते तर बरं होतं. पण पवित्राचा भाऊ विम्याची कामं करायचा, माणसांच्या आयुर्विम्याची. त्याचा टेम्पोशी संबंध काय? पण चन्नाप्पांना विमा हा शब्द पुरे होता. "भावाला दाखवाय पायजेत व्हय?" त्यांनी भर जेवणात विचारलं. रागानं पवित्राचे डोळे भरून आले, पण ती ताटावरून उठली नाही. त्यानंतर ती माहेरी निघाली, की ती जाईपर्यंत चन्नाप्पा कपाटाला पाठ लावून बसायचे. ही बाई कधीतरी चोरून नकला काढणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती.

आणि मग खंडेनवमी आली. दुकानदाराच्या घरी त्या दिवशी तराजू, मापं, वह्या पाटावर मांडतात, कारण पोट ज्याच्यावर चालतं त्याला पुजायचं. चन्नाप्पांचं पोट आता ज्याच्यावर चालणार होतं, ती फाइल त्यांनी मापांच्या शेजारी मांडली. वरचाच कागद दाखल्याचा. डाव्या हाताने त्यांनी त्यावर पाणी शिंपडलं, ओल्या विभूतीची तीन बोटं ओढली, कुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि फाइल मिटून कपाटात घातली. डॉक्टरांची सवय शाईच्या पेनाने लिहायची, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

ती फाइल उघडली ती थेट कोल्हापूरच्या कोर्टात. पुढे सरकवताना चन्नाप्पांची छाती फुगली होती. मागच्या बाकावर पवित्रा बसली होती. मुलाला रजा मिळाली नाही, म्हणून तिला आणावं लागलं होतं.

कंपनीच्या वकिलाने दाखला खिडकीकडे धरला. आकड्याच्या जागी निळालाल डाग होता.

"या फाइलीला तुमच्याशिवाय कुणाचा हात लागलाय?"

याच प्रश्नाची तर चन्नाप्पा वाट बघत होते! "कुणाचाबी न्हाय," ते ठासून म्हणाले. "माझ्या वकिलाचाबी न्हाय, घरच्यांचाबी न्हाय."

"म्हणजे हा आकडा तुम्हीच मिटवला. तिथं कमी टक्के होते."

इंगवले वकिलांनी डोळे मिटले. चन्नाप्पा गडबडून म्हणाले, "पूजा केलती, साहेब. पस्तीस हुतं. आईशपथ पस्तीस हुतं!" त्यांच्यावर आजवर कुणी खोटेपणाचा आळ घेतला नव्हता, आणि आता सगळं कोर्ट त्यांच्याकडे संशयाने बघत होतं. तो अपमान हातापेक्षा जास्त ठणकला.

न्यायाधीशांनी विचारलं, "डॉक्टरांना साक्षीला आणता येईल?"

"डॉक्टर वारले, साहेब," इंगवले म्हणाले. "दवाखान्यातली कागदपत्रं गेल्या वर्षीच्या पुरात गेली."

"मग डाग पडायच्या आधीची एखादी झेरॉक्स?"

इंगवल्यांनी चन्नाप्पांकडे पाहिलं. चन्नाप्पांनी मागे वळून सुनेकडे पाहिलं. भाकरी खाताना, पाणी पिताना जिला चोर ठरवलं, त्या पोरीने एकदा तरी चोरी केलेली असू दे, असं त्यांनी मनातल्या मनात महादेवाला साकडं घातलं.

"पवित्रा," त्यांचा आवाज चिरकला, "काढलीस न्हवं गं झेरॉक्स? गुपचूप? मी काय म्हणणार न्हाय."

पवित्रा उभी राहिली. तिला त्यांची कीव आली असावी, कारण ती अगदी हळू बोलली.

"न्हाई मामा. तुम्ही नको म्हणालता न्हवं."