दोरीवरचे पंचवीस दिवस

“आई, झटकू नका ना,” मी कुजबुजले. “आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा.”

चादरीचे दोन कोपरे माझ्या हातात होते, दोन सासूबाईंच्या. मधे पांढरीशुभ्र चादर ताणलेली. पलीकडे उन्हाने तापलेल्या भिंतीलगत बाबागाडी, आणि तिच्यात आमचं आठ महिन्यांचं ध्यान तोंड उघडं टाकून गाढ झोपलेलं. गेल्या तीन रात्री दातांनी त्याला छळलं होतं आणि त्याने आम्हाला.

सासूबाईंचे हात वर गेले होते, ते तसेच थांबले. त्यांनी एकदा चादरीकडे पाहिलं, एकदा गाडीकडे.

“बरं,” त्या नुसत्या ओठांनी म्हणाल्या.

आणि आम्ही त्या चादरीची न झटकताच घडी घातली. तिच्यामागून आणखी अकरा.

सासूबाई एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहेत. लाँड्री तळघरात. तिथे वाफ, साबणाचा वास आणि मशीनची घरघर. बोलायचं तर ओरडूनच, त्यामुळे घरीही त्या भाजी आणायला सांगतात ते अख्ख्या जिन्याला ऐकू येतं. बाहेर पाऊस आहे की ऊन, हे त्यांना संध्याकाळी वर आल्यावर कळतं. अपवाद पानगळीतल्या पंचवीस दिवसांचा. थंडी सुरू होण्याआधी ड्रायरचा बॉयलर उघडून साफ करतात, तेवढे दिवस ड्रायर बंद. मग मागच्या मोकळ्या जागेत लोखंडी खांबांना दोऱ्या बांधायच्या आणि सगळ्या वॉर्डांच्या चादरी उन्हात वाळत घालायच्या.

त्या दिवसांत आमच्या घरात दुसरीच बाई वावरते. सकाळी आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहते. रात्री जेवताना आज झाडं किती पिवळी झाली त्याचा हिशेब देते. “आज डावीकडचं निम्मं उतरलं. उजवीकडचं हट्टी आहे, तुझ्या सासऱ्यांसारखं. शेवटपर्यंत सोडत नाही.” नाकाचा शेंडा उन्हाने लाल होतो आणि त्याचं त्यांना कोण कौतुक! “वर्षभराचं ऊन मी याच दिवसांत खाऊन घेते,” म्हणतात.

लग्न झाल्यापासून मी या दिवसांत त्यांचा डबा घेऊन जाते. बाकी वर्षभर त्या स्वतः नेतात, पण हे पंचवीस दिवस आम्ही भिंतीला पाठ टेकून एकत्र जेवतो. भिंत सकाळपासून तापलेली असते. सावलीत गेलं तर शहारा येतो, उन्हात आलं की स्वेटर काढावासा वाटतो. मधूनच एखादं पान गिरक्या घेत येतं आणि नेमकं डब्यात पडतं. वर आभाळ इतकं स्वच्छ, की त्यालाही आत्ताच कुणी धुऊन वाळत घातलंय असं वाटावं.

सासूबाईंच्या जोडीला घडीवर एक उंच बाई आहे. सगळ्यात उंच दोरीपर्यंत तिचा हात सहज पोचतो म्हणून सगळे तिला शिडी म्हणतात, आणि तीही ओ देते. त्या दिवशी शिडीच्या मुलाच्या शाळेत बोलावणं होतं. रजेचा अर्ज न करताच दोन तासांसाठी ती सटकली. जाताना मला म्हणाली, “वहिनी, तेवढे कोपरे धराल का? ताई सांगतील तसं करा. सोपं असतं, दोन झटके आणि चार घड्या.”

त्या दोन झटक्यांचंच तर सगळं होतं. चादर दोन्हीकडून धरून वर न्यायची आणि जोरात खाली आणायची. फट्ट! पहिल्या झटक्याने सुरकुती जाते. दुसरा झटका पाहुण्यांसाठी, असं सासूबाई म्हणतात. पाहुणे म्हणजे गांधीलमाश्या. या दिवसांत सकाळच्या गारठ्याने त्या अर्धमेल्या होतात आणि ऊब शोधत चादरीच्या दुमडीत शिरून बसतात. झटकलं की खाली पडतात. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पाहुणा वॉर्डात गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन पोचले तर शिडी फाटकाशीच उभी होती.

“वहिनी, घोळ झालाय. चौदा नंबरच्या आजोबांना चावली. चादरीतून निघाली.”

सासूबाई मागून आल्या, हात पदराला पुसत. चेहऱ्यावर काही नाही.

“चल,” मला म्हणाल्या. “आधी माणसाला बघू, मग कागदाला.”

चौदा नंबरच्या खाटेवरचे आजोबा पूर्वी बसमध्ये कंडक्टर होते. त्यांचं नाक सुजून बटाट्याएवढं झालं होतं. सासूबाई खाटेजवळ उभ्या राहिल्या.

“चादरीची घडी मी केली होती. चूक माझी झाली. फार दुखतंय का?”

“दुखतंय कसलं! हसू येतंय आणि हसलं की ठणकतं,” आजोबा म्हणाले. “अहो बाई, चूक माझीपण आहे. चादरीला उन्हाचा वास होता. चार महिने इथे पडून आहे, नुसता औषधांचा वास. म्हटलं जरा पोटभर घेऊ. खुपसलं नाक. आतली म्हणाली, तिकीट कुठाय?”

शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकेपर्यंत हसला. सासूबाईही हसल्या, पण डोळे हसले नाहीत.

“मग तक्रार?” मी विचारलं.

“पोरीने लिहिली. तिच्यापुढे माझं कुठे चालतंय? काल भेटायला आली, नाक पाहिलं आणि कागदच मागितला.” त्यांनी आवाज खाली आणला. “उद्याही उन्हातलीच द्या हं. फक्त आधी सगळ्यांना खाली उतरवा.”

खाली सुपरवायझर वाट बघत होते. शर्टाला कायम कडक कांजी, मानही तशीच, म्हणून त्यांचं नाव पडलं कांजीसाहेब. माणूस वाईट नाही, फक्त वाकत नाही. काचेच्या केबिनमध्ये ते बसले होते, सासूबाई उभ्या. दार उघडं होतं. बाळाला कडेवर घेऊन मी दारातच थांबले.

“बसा बाई. घाबरू नका, मी मार्ग काढलाय,” ते म्हणाले. “तक्रारीला कारण द्यावं लागतं. आपण लिहू, कपडे उघड्यावर वाळवल्यामुळे कीटक आला. संपलं. तुमच्यावर काहीच येत नाही.”

“आणि दोऱ्या?”

“दोऱ्या काढायच्या. उद्यापासून भाड्याचा ड्रायर आणू, पुढच्या वर्षीही तेच. वरच्यांचं कधीपासून चाललंय की हे उघड्यावरचं बंद करा. तुम्हाला काय फरक पडतो? चार महिन्यांनी तुम्ही निवृत्तच होताय.”

सासूबाईंनी तक्रारीच्या कागदावर बोट ठेवलं.

“कीटक दरवर्षी येतात, साहेब. एकतीस वर्षं येतायत. कारण ते नाही.”

“मग काय लिहू?”

“चादर झटकली नाही, असं लिहा.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “बाई, तुम्ही? तुम्ही झटकली नाही? नव्या बायकांना तुम्ही रडवता त्या झटक्यावरून.”

“नाही झटकली.”

“का पण?”

माझं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आले होते, ‘मी सांगितलं, मी म्हणाले झटकू नका.’ पण सासूबाईंनी मागे न वळताच आवाज चढवला, घरी जिन्याला ऐकू जातो तसा. “अगं, पोराला बाहेर ने आधी. इथे वाफ आहे, छाती भरेल त्याची.”

मी हललेच नाही.

“ऐकलंस ना?”

मी दोन पावलं मागे सरले. पण ऐकू सगळं येत होतं.

“कारण काही नाही,” त्या साहेबांना म्हणाल्या. “चुकले. माणूस चुकतो, तसं लिहा.”

“असं लिहिलं तर तुम्हाला घडीवर ठेवता येणार नाही. ज्याच्या नावावर तक्रार त्याचं काम बदलतात, नियम आहे. इथे तळघरात रोलर इस्त्रीवर उभं राहावं लागेल. उरलेले सगळे दिवस.”

“सोळा,” सासूबाई म्हणाल्या. “पण दोऱ्या राहतील?”

“चूक माणसाची म्हटल्यावर दोऱ्यांना काय होतंय? राहतील.” त्यांनी मान हलवली, कडक कांजीतून जेवढी हलते तेवढी. “बाई, विचार करा. हे तुमचं शेवटचं वर्ष. उद्या येऊन सांगितलंत तरी चालेल.”

“उद्या मी रोलरवर असेन,” सासूबाई म्हणाल्या. “लिहून टाका. चादरी खोळंबल्यात.”

संध्याकाळी आम्ही चालत घरी निघालो. रस्त्याच्या कडेला झाडूवाल्यांनी पानांचे ढीग लावून ठेवले होते. मी बोलले ते रडतच.

“मी उद्या साहेबांना सांगणार आहे.”

“काय सांगणार? पोराला झोप आली होती?”

“मी म्हणाले म्हणून तुम्ही थांबलात.”

“तू म्हणालीस, पण हात माझे होते.” त्यांनी बाबागाडीचा दांडा माझ्या हातातून घेतला. “आणि सांगशील तर आधी हे विचारतील की बाहेरच्या बाईने चादरीला हात कसा लावला. मग शिडी कुठे होती ते निघेल. तिची अजून अकरा वर्षं आहेत गं नोकरीची. आणि दोऱ्या गेल्या तर अकरा वर्षं त्या तळघरात, मधले हे दिवसही नाहीत, म्हणजे काय ते तुला नाही कळायचं.”

“पण तुमचं शेवटचं वर्ष...”

“मी एकतीस वेळा बसलेय त्या भिंतीशी. पोट भरलंय माझं.”

ते खरं नव्हतं. मला माहीत होतं आणि त्यांनाही. मी डोळे पुसले. त्या थोडं चालल्या आणि मग समोर बघत, जरा हळू आवाजात म्हणाल्या, “आणि खरं सांगू? तुझ्यासाठी थांबले असं समजू नकोस. किती दिवसांनी तो असा झोपला होता. मलाही बघायचं होतं त्याला.”

एवढं बोलून त्यांनी गाडी सरळ पानांच्या ढिगात घातली.

चाकांखाली कुरकुर कुरकुर झालं. पिल्लू दचकलं, मग दोन नवे दात दाखवून खदाखदा हसलं. सासूबाईंनी गाडी मागे घेतली आणि पुन्हा घातली. झाडूवाला लांबून ओरडला, “ओ आजी, सकाळपासून गोळा केलंय ते!”

“मग परत कर की! पगार घेतोस ना!” त्या ओरडल्या आणि तिसऱ्यांदा ढिगात शिरल्या. केसांत पान अडकलं होतं. नाकाचा शेंडा लाल होता. कोपऱ्यावर भाजलेलं कणीस मिळत होतं, ते त्यांनी एकच घेतलं आणि दोघींनी अर्धं अर्धं खाल्लं. मऊ दाणे मात्र त्यांनी बोटांनी चुरून नातवाच्या जिभेवर ठेवले. तो तोंड वाकडं करून अजून मागत होता.

दुसऱ्या दिवसापासून मी डबा तळघरात नेऊ लागले. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, येऊ नकोस, मी माझा आणेन, इथे बाळाला उकडतं. मी ऐकलं नाही. त्यांनीही पुन्हा सांगितलं नाही. रोलरवर उभं राहून त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. नाक मात्र हळूहळू पहिल्यासारखं व्हायला लागलं. साहेब दोनदा उगाचच तिकडून फिरून गेले. एकदा स्टूल आणून ठेवलं, बसा म्हणाले नाहीत, नुसतं ठेवलं.

चौथ्या दिवशी गेले तर साबणाची खोकी एका बाजूला सरकवलेली. त्यांच्यामागे छताला लागून एक बुटकी, जाळीची खिडकी होती. मी ती कधी पाहिलीच नव्हती. बाहेरच्या जमिनीला लागून असलेल्या त्या खिडकीतून फक्त दोरीवरच्या चादरींचे खालचे काठ दिसत होते आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय.

“खोकी कुणी हलवली?” मी विचारलं.

“उंदीर झालेत,” सासूबाई म्हणाल्या आणि डबा उघडला.

आम्ही स्टुलावर आणि खोक्यावर बसून जेवलो. बाळ त्यांच्या मांडीवर बसून डब्याचं झाकण चावत होतं. वर शिडीचे मोठाले बूट इकडून तिकडे जात होते. काठ वाऱ्याने हलले, की उन्हाचे पट्टे इथे खाली फरशीवर हलायचे. सासूबाई खाली बघून जेवत होत्या.

एकदम त्यांचा घास हातातच थांबला. त्यांनी मान वर केली, डोळे बारीक केले. बाळाला माझ्याकडे दिलं, स्टूल खिडकीखाली ओढलं आणि चढून जाळीला तोंड लावलं.

“शिडी! अगं ए शिडी! तिसरी काढू नकोस इतक्यात. डावा कोपरा ओला आहे तिचा.”

वरचे बूट थांबले. मागे वळले. तिसऱ्या चादरीपाशी एक हात खाली आला, त्याने डावा कोपरा चिमटीत धरून पाहिला आणि सोडला.

“हो ताई,” वरून आवाज आला. “आहे ओला.”