चढावरची हाक

वय लपवणाऱ्या बायका भाग्यश्रीने पुष्कळ पाहिल्या होत्या. वय वाढण्याची वाट पाहणारी मात्र एकच, आणि ती तिची आई होती.

"नोव्हेंबरात सत्तर पूर्ण होतात," आई म्हणाली. ती ओट्याला धरून उठाबशा काढत होती. कुकर लावला की त्याच्या शिट्ट्या होईपर्यंत उठाबशा, हा तिचा नेम. "डिसेंबरात शर्यत. मग बघते त्या कुसुमकडे."

"कुसुममावशींनी तुझं काय घोडं मारलंय?"

"माझ्यापुढे पळते."

ऑगस्टमधला शनिवार होता आणि भाग्यश्री विरजण मागायला आली होती. कोथरूडच्या एकाच सोसायटीत आई दुसऱ्या मजल्यावर, भाग्यश्री आणि तिचा नवरा संतोष तिसऱ्यावर. सासर-माहेरात अंतर काय ते एका जिन्याचं. आई लिफ्ट वापरत नसे, आणि जे वापरत त्यांच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघे.

आईची सत्तरीची ओढ समजायची तर शर्यतीचं गणित समजायला हवं. दर डिसेंबरात कोथरूडमधून दहा किलोमीटरची एक शर्यत निघते. तीत वयस्कर मंडळींचे पाच-पाच वर्षांचे गट असतात आणि सत्तरीनंतरच्यांचा सगळ्यांत शेवटचा. हे गट निरनिराळ्या वेळी सोडतात, सगळ्यांत वयस्कर आधी. आता गटाच्या टोकाला आलेलं माणूस तिथल्या इतरांच्या मानाने म्हातारं असतं. पण पुढच्या गटात पाऊल टाकलं की तेच माणूस एकदम तिथलं सगळ्यांत तरुण होतं. म्हणून बाकीचे लोक वाढदिवसाला सुस्कारे टाकतात आणि ही मंडळी पेढे वाटतात. कात्रजच्या कुसुममावशी आईपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. साठीच्या गटात त्या आईच्या पुढे होत्या, पासष्टीच्या गटातही पुढेच. त्या सत्तरीत गेल्यावर आई तिच्या गटात पहिली यायला लागली, पण तेव्हा मिळालेल्या ढाली तिने कपाटावर, सुटकेसच्या मागे टाकल्या होत्या.

"कुसुम नव्हती म्हणून मिळाल्यात," ती म्हणे. "त्या काय शोकेसमध्ये मांडायच्या?"

पळायला तिने सुरुवात केली तीच निवृत्त झाल्यावर. टेलिफोन ऑफिसातली नोकरी संपली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, म्हणून ती निवृत्तांच्या एका घोळक्याबरोबर टेकडीवर जाऊ लागली. घोळक्याकडे पेन्शन आणि सुना हे दोनच विषय होते. ते ऐकू येऊ नयेत म्हणून ती चार पावलं पुढे चालू लागली, आणि तरीही ऐकू येत राहिले म्हणून पळू लागली.

पुढे वय वाढलं तशी ती पळणं कमी आणि विचार जास्त करू लागली. रोज पळणं सोडलं. एक दिवस पळायचं, एक दिवस पाण्याचे कॅन उचलून जिने चढायचे. दुपारची झोप तर तिने देवपूजेसारखी सांभाळली. "तरुणपणी दम पळून येतो, या वयात झोपून येतो," असं ती ऐकवी. पासष्टीनंतर ताकदीसाठी अंडी सुरू केली. त्यांचं पातेलं वेगळं, ते गॅलरीत राहत असे, आणि अंडं खाताना तिचा चेहरा काढा घेतल्यासारखा होई.

शर्यतीच्या दिवशी भाग्यश्रीचं काम ठरलेलं होतं. डेपोच्या पुढे चांदणी चौकाकडे रस्ता चढू लागतो. त्या चढाच्या मध्यावर मीठ, साखर आणि लिंबाच्या पाण्याची बाटली घेऊन उभं राहायचं. भाग्यश्री एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होती. ती सोबत पुस्तक नेई. आई दिसली की पानात बोट ठेवून दुसऱ्या हाताने बाटली पुढे करी. टाळी नाही की ओरडणं नाही. आपण पहाटे उठून इथे आलो आहोत हे समोरच्या माणसाला दिसतंय, मग आणखी ओरडून काय सांगायचं, असं तिचं मत होतं.

आईचं तसं नव्हतं. "बाकीच्यांची माणसं बघ कशी बोंबलतात."

"पळताना तुला काही ऐकू येत नाही ना पण?"

"बोललेलं ऐकू येत नाही. ओरडलेलं येतं."

एका वर्षी भाग्यश्रीने धीर करून "आई" अशी हाक मारली होती. चढावरच्या सात-आठ बायकांनी वळून पाहिलं आणि दोघी तर थांबल्याच. त्या गडबडीत आईचा वेग मोडला आणि कुसुममावशी निघून गेल्या. पुढच्या वर्षी मुद्दाम ओरडायला म्हणून संतोषला नेलं. त्याने "कमॉन, सासूबाई" अशी दणदणीत आरोळी ठोकली. आई हसत सुटली आणि तिला वाटेत थांबावं लागलं. उरलेल्या बायका मात्र मागे कोणीतरी लागल्यासारख्या जोरात पळाल्या.

तेव्हापासून आईचं एकच मागणं होतं.

"नावाने हाक मार. सरोजिनी म्हण. ऑफिसात सगळे नावानेच मारत. ते ऐकलं की माझी पाठ अजून ताठ होते."

"तुला नावाने? भर रस्त्यात?"

"घरात मारून काय उपयोग?"

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, सरोजिनी पळतेय."

पण भाग्यश्रीची जीभ वळत नसे. दवाखान्यात आईचं नाव पुकारलं तरी "हो, या माझ्या आई" असं म्हणून ती उठे. आईचं नाव सांगायचं असतं, लिहायचं असतं. त्या नावाने कोणाला बोलवायचं असतं हे तिच्या डोक्यात कधी बसलंच नव्हतं.

त्या शनिवारी शेवटची शिट्टी झाली तशी आईने ओटा सोडला, गॅस बंद केला आणि वाटीत विरजण घातलं.

"या वर्षी मारशील ना हाक? सत्तरीचं बक्षीस समज."

"बघू," भाग्यश्री म्हणाली.

ती जिना चढत असताना मागून आवाज आला, "वाटी परत आण गं. माझ्या सगळ्या वाट्या तुझ्याकडे अडकल्यात."

रविवारी सकाळी दुधाची पिशवी आईच्या दाराच्या कडीला तशीच लटकत राहिली.

झोपेतच गेल्या, असं डॉक्टर म्हणाले. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती आणि पळण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. भेटायला येणाऱ्यांना ते पटत नव्हतं. आईच्या शेजारच्या फ्लॅटमधले काका खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "या वयात एवढं पळायची खरंच काही गरज होती का?"

"काका, ती तेव्हा झोपली होती," भाग्यश्री म्हणाली. "तुम्हीही जपून झोपत जा."

संतोषने तिला चहा टाकायला आत पाठवलं. तिने चहा टाकला आणि तो उकळेपर्यंत मांडणीवरून आईच्या वाट्या शोधून काढल्या. पाच निघाल्या. त्या घासून, पुसून तिने खाली नेऊन ठेवल्या.

दिवस झाल्यानंतर कुसुममावशी आल्या, कात्रजहून बस बदलत, पोळी-भाजीचा डबा घेऊन. त्यांनी आयुष्यभर पोळी-भाजीचं केंद्र चालवलं होतं. दिवसभर तव्यापुढे उभे राहिलेले पाय, दमत नाहीत ते त्यामुळेच, असं आई जरा हेव्याने सांगायची. आईच्या घरात येऊन त्या बसल्या, आणि दाराजवळच्या बुटांकडे त्यांची नजर गेली.

"डाव्या टाचेला बाहेरून झिजलेत," त्या म्हणाल्या. "मला हे माहीतच नव्हतं. मी तिला मागून कधी बघितलंच नाही ना."

भाग्यश्रीला हसू आलं. आई गेल्यापासूनचं ते पहिलं हसू होतं, आणि ते कुठे ठेवावं हे तिला कळेना.

"डिसेंबरात पळणार ना, मावशी?"

"नाही गं. नाव काढून घेते."

"का?"

"लोक पुढचा माणूस बघून पळतात. मी मागचं ऐकून पळायचे. तिच्या पावलांचा आवाज मला बरोबर ओळखू यायचा. तो जवळ आला की माझे गुडघे दुखायचे थांबायचे बघ." त्या डब्याचं झाकण उगीच घट्ट करत राहिल्या. "ही दोन वर्षं मी त्या सत्तरीच्या गटात कशाला पळत राहिले? ही येणार म्हणून. आता बहात्तराव्या वर्षी रिकाम्या रस्त्यावर कोणासाठी पळू?"

भाग्यश्रीने आईच्या बुटांकडे पाहिलं. या बाई थांबल्या की शर्यत संपली, आणि आईने जिची वाट पाहिली ती सत्तरी कोणाच्याच आठवणीत राहणार नाही, असं तिला वाटलं. तसं बोलणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

"मी चढावर असणार आहे," ती म्हणाली. "बाटली घेऊन. तुम्ही नाही आलात तर ते पाणी कोण पिणार?"

कुसुममावशींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तिचीच गं तू," त्या म्हणाल्या. येते म्हणाल्या नाहीत, येत नाही असंही म्हणाल्या नाहीत.

डिसेंबरातल्या त्या सकाळी चांगलीच थंडी होती. भाग्यश्री ठरलेल्या जागी, कठड्याला टेकून उभी राहिली. पुस्तक आणलं होतं, ते उघडलं नव्हतं. पलीकडे कॉलेजची काही मुलं स्टीलची ताटं बडवून येणाऱ्या-जाणाऱ्याला चेव आणत होती. संतोष गाडी लावायला जागा शोधत होता, म्हणजे बराच वेळ येणार नव्हता.

सत्तरीच्या गटात आधी दिसल्या त्या वारज्याच्या सुशीलाबाई. नुकतीच सत्तर झालेली, कोरे करकरीत बूट, चेहरा एकदम प्रसन्न. गटातल्या सगळ्यांत तरुण. ही जागा आईची होती, असं मनात येऊन भाग्यश्री त्यांच्याकडे जरा रागानेच बघत राहिली.

"पाणी आहे का हो?" त्यांनी पळता पळता विचारलं.

"आहे, पण राखीव आहे."

सुशीलाबाई पुढे गेल्या. भाग्यश्रीला लगेच लाज वाटली, पण तोवर त्या बऱ्याच वर पोचल्या होत्या.

मग कुसुममावशी आल्या. दर थोड्या पावलांनी मान वळवून मागे बघत होत्या. पळणाऱ्याने मागे बघू नये हे त्यांनीच कधीकाळी आईला खिजवून सांगितलं होतं. चढ लागला तसं त्यांचं पळणं संपून चालणं सुरू झालं, आणि भाग्यश्रीपाशी पोचल्यावर तेही थांबलं.

"झालं माझं," त्या म्हणाल्या. बाटली घेऊन त्यांनी दोन घोट प्यायले. "मीठ कमी आहे."

"आहे तसं प्या आता."

"संतोष कुठाय? त्याला म्हणावं, मला गाडीतून सोड. मागे कोणीच नाही गं. नुसता आपल्याच पायांचा आवाज येतो."

भाग्यश्रीने त्यांच्या खांद्यावरून खाली पाहिलं. उतारावर कोणी नव्हतं. खूप खाली, डेपोच्या बाजूला, पासष्टीच्या गटातल्या पहिल्या बायका ठिपक्यांएवढ्या दिसू लागल्या होत्या.

"सरोजिनी," ती म्हणाली.

ग्रंथालयात बोलावं तेवढ्याच आवाजात ते आलं. कुसुममावशींशिवाय कोणाला ऐकू गेलं नसेल. त्यांचा बाटलीचा हात तोंडाशीच थांबला.

भाग्यश्री त्यांच्याकडे बघत नव्हती. ती खालच्या रस्त्याकडे बघत होती, रोज ज्या बाजूने माणूस येतं त्या बाजूला बघावं तशी. तिने पुन्हा हाक मारली, आणि या वेळी ताटं बडवणारी मुलंसुद्धा थांबून बघायला लागली.

"सरोजिनी, चल. चढ अर्धाच राहिलाय."

कुसुममावशींनी मागे पाहिलं नाही. बाटली भाग्यश्रीच्या हातात कोंबली, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचला.

"आली वाटतं म्हातारी," त्या म्हणाल्या आणि पळायला लागल्या. आधी जरा फेंगड्या, मग सरळ.

एव्हाना पासष्टीच्या गटातली पुढची बाई वर आली होती. नारिंगी टोपी घातलेली, लालबुंद झालेली. ती भाग्यश्रीकडे बघून हात हलवत ओरडली, "मीच सरोजिनी. पण ओळखलं नाही मी तुम्हाला."

"मीही नाही," भाग्यश्री म्हणाली. "तुम्ही पळा, छान पळताय."

तिला आता हसूही येत होतं आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हातही मोकळा नव्हता. वर वळणापाशी कुसुममावशींची पाठ दिसत होती. तिच्या थोडं पुढे सुशीलाबाईंचे कोरे बूट, फार लांब नव्हते. भाग्यश्रीने बाटली आणि पुस्तक दोन्ही कठड्यावर ठेवलं, तोंडाभोवती हातांचा पेला केला, आणि तीन मजले चढून जाईल असा आवाज काढला.

"सरोजिनी, ती बघ कुसुम. गाठ तिला."