सहावा घाव

मित्रांनो, जुन्या शाळेच्या आवारात, तारेच्या कुंपणापलीकडे, चार खुंट्यांना दोरांनी ताणून बांधलेली एक कुदळ तुम्हाला दिसते ना, ती मी. माझे टोक जमिनीत रुतलेले आहे आणि दांडा वाकडा उभा आहे. मला गोष्ट नीट सांगता येईलच असे नाही. माझे आयुष्य ठोकण्यात गेले, बोलण्यात नाही. पण गप्प राहिले तर पुढे कोण सांगेल, याची मला खात्री वाटत नाही.

माझे लोखंड मोठ्या युद्धातले. त्या युद्धात आपल्या दोन चंद्रांपैकी एक फुटला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याचे तुकडे अजून संध्याकाळी ओळीने उगवतात. तेव्हा कोसळलेल्या एका जहाजाचा पत्रा कित्येक शतके दरीत पडून होता. एका लोहाराने तो तोडून आणला, भट्टीत लाल केला आणि ऐरणीवर मला घडवले. नेढ्यात दांडा बसवला, पाचर ठोकली आणि मला अक्काच्या हाती दिले. अक्का विहिरी खणायची. तिने मला एकदा तोलून पाहिले आणि "बरी आहे," एवढेच म्हणाली. अक्काच्या तोंडून तेवढे कौतुक म्हणजे पुष्कळ झाले.

मोठ्या युद्धानंतर एक धाकटे युद्ध झाले. ते अकराच दिवसांचे. त्यात ना आग होती, ना आवाज. जहाजे आली आणि वाटाण्याएवढ्या धातूच्या बिया जमिनीत पेरून निघून गेली. त्या बिया गंजत नाहीत, झोपत नाहीत. त्या मोजत बसतात. दगड पडतो तो एकदाच. जनावर चार पावले टाकून वळते. एका जागी, एका लयीत सात घाव घालतो तो फक्त माणूस. सातवा घाव ऐकला की बी उठते आणि शेजारणींना उठवते. उत्तरेच्या वस्तीत एकदा असे झाले. तिथे घरे जशीच्या तशी आहेत, चुलींवर भांडी आहेत, दोरीवर कपडे आहेत. माणसे नाहीत.

म्हणून अक्का सहा घाव घालायची, मला उचलून बाजूला ठेवायची आणि एक लांब श्वास घ्यायची. तेवढ्या वेळात बी आपला आकडा विसरते. मग पुन्हा सहा. गावातल्या सगळ्यांच्या हातात तीच सवय होती. दारावर सहा थापा मारून पाहुणा थांबे. आई बाळाला थोपटताना सहावर थांबे, श्वास घेई, मग पुन्हा थोपटू लागे. असे का, ते बहुतेकांना सांगता आले नसते.

अक्काचा धाकटा भाऊ शाळेत इतिहास शिकवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. त्याच्या पेपरात दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असे: दोन प्राचीन युद्धांच्या दूरगामी परिणामांची तुलना करा, गुण दहा. उत्तरही ठरलेले. मोठ्या युद्धात चाळीस लाख माणसे मेली, समुद्र सरकले, म्हणून त्याला आठ गुणांचा मजकूर. धाकट्याला दोन. अक्का जेवताजेवता त्याची फिरकी घ्यायची. तुझे युद्ध मेलेले आहे म्हणून तर तुला त्याची मापे घेता येतात, असे म्हणायची. मास्तर हसून मान खाली घालायचा. माणूस वाईट नव्हता. मुलांनी भीत भीत जगू नये, एवढेच त्याला वाटे.

त्यातूनच त्याच्या मनाने घेतले की हे सहाचे प्रकरण मोडून काढायचे. शाळेच्या नव्या दालनासाठी आवारातच पाया खणायचा होता. मास्तरने जाहीर केले की मुलांसमोर पहिले सात घाव तो स्वतः घालणार. त्या सकाळी तो मला न्यायला आला, तेव्हा अक्का दारात आडवी उभी राहिली.

"अक्का, आपल्या गावात शंभर वर्षांत एक तरी बी उठली का?" मास्तरने विचारले.

"नाही उठली. कारण आम्ही सहावर थांबलो."

तिला बाजूला सारून तो मला घेऊन गेला.

मुले रांगेत उभी होती आणि मोठ्याने मोजत होती. एक, दोन, तीन. मास्तरचे घाव कच्चे होते, पण पडत एकाच जागी होते. सहाव्या घावाला माझे टोक कशावर तरी टेकले. दगड मला कळतो. हे लहान होते, गोल होते आणि माझ्यापेक्षा टणक होते.

आणि मास्तरचे हात आपोआप थांबले. सातवा घालायचे त्याने ठरवले होते, पण हातांनी ऐकले नाही. लहानपणी आईने थोपटलेले त्या हातांत होते. मागे कोणीतरी फिसकन हसले. मास्तर लाजेने लाल झाला आणि मला उपसायला वाकला.

अक्का त्याच्या मागोमाग येऊन कुंपणाशी उभी होती. सहावा आवाज तिने ओळखला होता.

"हात सोड," ती हळूच म्हणाली. "तिचं टोक बीवर टेकलंय. भार आहे तोवर बी आकडा विसरायची नाही. उचललीस, की तो धक्काच सातवा."

मास्तरने एकेक बोट सोडवले. मुलांनी चपला हातात घेतल्या आणि दप्तरे तिथेच टाकून शाळा अनवाणी रिकामी झाली. अक्काने चार खुंट्या दुरून, हाताने दाबत दाबत रोवल्या आणि मला बांधले. त्या वर्षीच्या पेपरात तो प्रश्न नव्हता.

याला तीस वर्षे झाली. अक्का गेली. मास्तर रोज सकाळी अनवाणी येतो, दोर तपासतो, कुजलेला बदलतो. काठी टेकत नाही, काखेत धरून आणतो. एकदा माझ्याजवळ बसून पुटपुटला, "तुलना कशी करायची गं? एक तर अजून संपायचंय."

आता माझा दांडा पोखरला आहे. नवे लोक म्हणतात, जुन्या कुदळीसाठी एवढी जागा कशाला अडवायची. कुंपणाबाहेरून मुले माझ्यावर खडे मारण्याच्या पैजा लावतात. अजून कोणाचा नेम लागलेला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला उचला, पुसा, तेल लावा. माझी विनंती उलटी आहे. मला हात लावू नका. माझी कीव करू नका. फक्त दोन मोठी, शांत माणसे नवा दोर घेऊन पाठवा. त्यांना म्हणावे, अनवाणी या.

कारण मास्तर चार दिवस झाले आलेला नाही. काल उगवतीकडचा दोर खुंटीवरून सरकला. माझ्या टोकाखाली ती जागी आहे. तिचा आकडा अजून सहाच आहे.