बारा लिटरची पिशवी

विकासने स्लीपिंग बॅगवर गुडघा रोवला आणि पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी वर ओढलं. निम्मी बॅग आत गेली, निम्मी बाहेरच फुगून राहिली.

"सर, गुंडाळू नका. कोंबा," काउंटरमागची मुलगी म्हणाली. तिच्या टी-शर्टवर ‘ऋग्वेदा’ अशी नावाची पट्टी होती. "पायाकडची बाजू आधी. मूठभर, मग परत मूठभर. कशीही जाऊ दे."

ती काउंटर ओलांडून आली आणि त्याच्यासमोर फरशीवर बसली. दादरला रानडे रोडमागच्या गल्लीतलं हे पहिल्या मजल्यावरचं दुकान. दुपारची वेळ असल्यामुळे दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. बॅग विकासची, लग्नाआधीची. तिची मूळ पिशवी कधीच हरवली होती, म्हणून तो ती नुसती काखेत मारून घेऊन आला होता.

"कुठला ट्रेक, सर?"

विकासचा हात थांबला. तो परळच्या हॉस्पिटलमधून आला होता. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा सम्यक तिथे मुलांच्या वॉर्डात होता. मांडीच्या हाडात गाठ निघाली होती. तिचा तुकडा तपासायला पाठवला होता आणि रिपोर्ट आज येईल, उद्या येईल, असं चाललं होतं. वॉर्डात पेशंटजवळ एकालाच राहता येई, म्हणून आत आकांक्षा आणि बाहेर पॅसेजमध्ये विकास. पहाटे लादी पुसायला माणसं यायची, त्याआधी सगळ्यांची अंथरुणं उचललेली हवीत. चादरवाल्यांचं भागत होतं. विकासची बॅग मात्र लोडासारखी फुगायची आणि सम्यकच्या खाटेखाली काही केल्या जायची नाही.

"जा, हिच्यासाठी एखादी पिशवी तरी बघून ये," सकाळी आकांक्षा म्हणाली होती. "इथे माझ्या तोंडाकडे बघत बसून रिपोर्ट लवकर येणार नाहीये."

हे सगळं या मुलीला सांगितलं असतं, तर तिचा चेहरा पडला असता. अलीकडे असे चेहरे त्याने पुष्कळ पाहिले होते.

"हिमाचल," तो म्हणाला.

"मस्त! कोण कोण जाताय?"

"मी, मिसेस आणि मुलगा."

"मुलगा केवढाय?"

"नऊ वर्षांचा."

"भारीच. पण चालेल ना तो एवढं?"

विकासने खाली मान घालून बॅगेचा कोपरा आत ढकलला.

"चालेल," तो म्हणाला.

ऋग्वेदाने तीन पिशव्या त्याच्यासमोर मांडल्या. वीस लिटरची उगाच मोठी होती. आठ लिटरची तिनेच बाजूला केली. एवढ्या छोट्या पिशवीत ही बॅग बसवायची म्हणजे रोज कुस्ती. राहिली बारा लिटरची. तिच्यात पुन्हा प्रकार होते. पहिलीचे पट्टे वेल्क्रोचे होते. तिने ते खर्रकन उघडून दाखवले.

"ही नको. आवाज होतो."

"टेंटमध्ये कोण ऐकतंय, सर?"

"बाजूला माणसं झोपलेली असतात."

बाजूला म्हणजे हरेश्वरकाका. माहीमच्या कोळीवाड्यातले. नात किर्ती सम्यकच्या समोरच्या खाटेवर होती, सम्यकच्या कितीतरी आधीपासून. रात्रभर ते चादरीवर कूस बदलत आणि पहाटे कधीतरी त्यांचा डोळा लागे. नेमकी तेव्हाच विकासला बॅग आवरावी लागायची. तिची चेन ओढताना तो श्वास धरायचा, तरी काका जागे व्हायचे आणि काही न बोलता उठून बसायचे.

दुसरी पिशवी बकलांची. विकासने बकल अंगठ्याखाली दाबून हळूच लावून पाहिलं. टक्‌ झालंच. ऋग्वेदाला आता गंमत वाटायला लागली होती. आवाजावरून पिशवी निवडणारं गिऱ्हाईक तिला पहिल्यांदाच भेटलं असावं. तिने खालच्या कप्प्यातून एक राखाडी पिशवी काढली. वर गोल झाकण, चार बाजूंना चार पट्टे, ते नुसते ओढले की घट्ट बसत. तोंडाला नाडी.

"हिचे पट्टे सोडवताना पण आवाज नाही. बघा."

विकासने बॅग त्या पिशवीत कोंबली. या वेळी नीट जात होती. तो नाडी ओढत असतानाच फोन वाजला. आकांक्षाचा होता. त्याने तो लगेच उचलला नाही. आधी नाडी पुरती ओढली.

"विकास, डॉक्टर येऊन गेले. साधी गाठ आहे."

विकासने नाडीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"साधी आहे रे. मी त्यांना परत परत विचारलं. ते शेवटी हसले."

"पाय?"

"पायाला काही नाही. थोडे दिवस कुबड्या, मग चालेल म्हणाले. कागदपत्रं झाली की संध्याकाळी घरी. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"मग बोल ना काहीतरी."

"सम्यकला सांगितलंस?"

"सांगितलं. तो विचारतोय, शाळा लगेच आहे का."

फोन ठेवल्यावर विकास पुढे झुकला. पिशवीवर त्याचे कोपर टेकले, मग छाती, मग कपाळ. त्याच्या भाराने आतली हवा सुस्कारत बाहेर पडत राहिली आणि तो तसाच खाली खाली जात राहिला. त्या हवेला पॅसेजमधल्या फिनेलचा वास येत होता. त्याचे खांदे हलायला लागले.

ऋग्वेदा घाबरून उभी राहिली. "सर? पाणी देऊ?" आणि मग हळूच, "ट्रेक कॅन्सल झाला का?"

विकासने मान वर केली. गाल ओले होते.

"हो," तो म्हणाला. "कॅन्सल झाला."

"अरेरे! एवढी तयारी करून!"

त्यावर विकासला हसू फुटलं. ते आवरेचना. ती गोंधळून त्याच्याकडे बघत राहिली, तेव्हा त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि तिला खरं काय ते सांगितलं. अगदी थोडक्यात. तिचा चेहरा पडला नाही. ती परत खाली बसली आणि उगाचच एक पट्टा ओढून घट्ट करू लागली.

"मग आता पिशवी नको ना?" तिने विचारलं.

विकासने समोरच्या राखाडी गाठोड्याकडे पाहिलं.

"हवी," तो म्हणाला.

तो हॉस्पिटलमध्ये पोचला तेव्हा हरेश्वरकाका पॅसेजमधल्या बाकावर बसले होते. आकांक्षाने त्यांना सांगितलेलं दिसत होतं. ते उठले आणि दोन्ही खरबरीत हातांत त्यांनी विकासचं तोंड धरलं.

"बरा झाला रं पोरा. लय बरा झाला."

विकासने त्यांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. तिथे नुसता आनंद होता. त्यामुळे त्याला जास्तच अवघडल्यासारखं झालं.

"किर्तीचं काय म्हणाले?"

"अजून औषध चालू ठेवायचा म्हनतात. बगू."

दोघे बाकावर बसले. विकासने पिशवी मध्ये ठेवली. काय बोलायचं ते त्याने येताना बसमध्ये ठरवलं होतं, पण आता त्यातलं काहीच जमेना.

"काका, ही तुम्ही ठेवा. खालून गार लागत नाही. आणि सकाळी खाटेखाली सरकवता येते."

काकांनी पिशवी मांडीवर घेतली. दाबून पाहिली. मग एकेक पट्टा चाचपला. आपण चुकलो, असं विकासला वाटलं. आपण निघालो आणि त्यांच्या मुक्कामाची सोय करून चाललो.

"देऊ नको," काका म्हणाले. "दिलीस तर हितलीच होऊन जाईल. उसनी दे."

विकासला पटकन कळलं नाही. मग कळलं.

"उसनीच आहे, काका."

"हां. मग पोरीला घेऊन घरी गेलो का आनून देन. कुठं ऱ्हातोस तू?"

"अँटॉप हिलला. सरकारी कॉलनीत."

"पोरीला घेऊनच येन. कितवा माला?"

"तिसरा. लिफ्ट नाही, काका."

हरेश्वरकाकांनी पिशवी काखेत मारली आणि वॉर्डाच्या दाराकडे पाहिलं.

"चढंल ती," ते म्हणाले.