लोरेटाची अकरा पानं

लोरेटा डुबिकीने तीस वर्षं माझ्यासारख्यांच्या पेन्सिलच्या चित्रांवर शाई चढवली. अख्ख्या पिट्सबर्गमध्ये तिच्याइतकी स्वच्छ रेघ कुणाची नव्हती. म्हणून आमच्या चार अंकांच्या कॉमिकसाठी मी तिच्याच दारात गेलो. गोष्ट होती सन ३१९० ची. काचेच्या घुमटाखालचं शहर, श्वासाला रेशन, आणि तो घुमट फोडायला निघालेली कॉर्विना.

तिसऱ्या अंकाची पानं आली तेव्हा कॉर्विनाचा चेहराच डळमळत होता. कापऱ्या हाताची रेघ लपत नाही. छपाईला चार दिवस उरले होते. शेवटची अकरा पानं मी स्वतः पुन्हा शाईने काढली. लोरेटाला फोन करायला धजलो नाही. अंकावर शाईकाम म्हणून नाव तिचंच राहू दिलं, आणि वर मनात त्याला उपकार म्हणत राहिलो.

अंक निघाल्यावर बटलर स्ट्रीटवरच्या कॉमिकच्या दुकानात आम्ही दोघं सह्या द्यायला बसलो. लोरेटाने घरून पिएरोगी, उकडलेल्या करंज्यांसारखा पोलिश पदार्थ, करून आणले होते, मला जबरदस्तीने दोन खायला लावले. इतक्यात एका मुलीने घुमटाला तडा जातो ते पान तिच्यापुढे धरलं.

"ह्या रेघा बघून मी रडले हो. कशा जमतात तुम्हाला?"

लोरेटा पानाकडे बघत राहिली. मग तिने सही केली. "सवयीने, बाळा."

मुलगी गेल्यावर ती हळूच म्हणाली, "वॉरन, हे माझं काम नाही."

"वेळच नव्हता गं. तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मला, की सांगताना तुला? 'तुझा हात गेला', एवढं तोंडावर म्हणायचंस. मी आपणहून ब्रश खाली ठेवला असता. आता त्या पोरीशी खोटं बोलले मी, तुझ्यापायी."

ती शेवटपर्यंत बसली, पण सहीसाठी आलेला प्रत्येक अंक स्वतः सही न करता माझ्याकडे सरकवत राहिली.

चौथ्या अंकात खरं काय ते छापायचं ठरवलं. आधी तिला वाचून दाखवलं.

"छाप. पण माझा हात कापतो, ते वाक्य काढ. ते कुणाला सांगायचं ते मी बघेन."

मी काढलं. त्यामुळे वाचकांना वाटलं, मी निव्वळ मिजाशीपोटी तिचं काम पुसलं. शिव्यांची पत्रं आली. मी एकालाही खुलासा केला नाही. ती पत्रं वाचताना, शिक्षा भोगल्यासारखं, जरा हलकं वाटायचं, आणि हलकं वाटतंय ह्याचीच लाज वाटायची.