पोळ्याच्या आत ब्रेक लागला पाहिजे

नितेशची गाडी पळायला एक नंबर होती, थांबायचं तेवढं तिला जमत नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वी कॉलेजची पोरं जिच्याकडे माना वळवून पाहत, तसली ती लाल, पुढे झुकलेली स्पोर्ट्स मोटारसायकल. झेंडूचं पहिलं पीक हाती आलं तेव्हा त्याने ती जुनीच घेतली होती, आणि अख्ख्या वलगावात तिच्यावर जीव टाकणारा तो एकटाच होता. पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर थेट मुठीला टेकायची आणि गाडी आपली निवांत पुढे जात राहायची.

उन्हाळ्यात अमरावतीला भर चौकात एक ऑटो आडवा आला. नितेशने पुढचा ब्रेक दाबला, काही झालं नाही. मग घाबरून मागचा दाबला, चाक घसरलं आणि मागे बसलेली त्याची बायको आचल रस्त्यावर आपटली. कोपर सोलून निघालं. ती उठली, कपडे झटकले आणि ज्या ऑटोने घात केला त्याच ऑटोत बसून घरी आली. ती भांडली असती तर नितेशला परवडलं असतं. ती फक्त म्हणाली, "थांबाले लागली का सांगा, मंग बसतो." त्यानंतर ती गाडीकडे बघेनाशी झाली.

नितेशच्या बापाला, चंद्रभानला, हे आयतंच सापडलं. "पोळ्यापर्यंत सूनबाई तिच्यावर बसली त ठेव. नाही त काढून टाक. गोठ्यात फुकटची जागा अडवून राहिली."

गोठ्यात अडायला होतं कोण? दोन वर्षांपूर्वी बैलजोडी विकली, तेव्हापासून वावर ट्रॅक्टरने नांगरत होते आणि दावणीला नुसतं शेण सुकलेलं होतं. हे उत्तर नितेशच्या जिभेवर आलं होतं, पण त्याने गिळलं. बैल गेल्यापासून बाप कोणाशी धड बोलत नव्हता. बोललाच तर या गाडीच्या नावाने शिमगा करायला तोंड उघडायचा.

आचलचं माहेर बार्शीटाकळीचं. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती तिकडे जायची. यंदा तिला गाडीवर बसवून न्यायचं, असं नितेशने मनाशी पक्कं केलं आणि तिथून त्याच्या डोक्याला ताप सुरू झाला.

अमरावतीचा अनुप मिस्त्री त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याने आधी ब्रेकचं जुनं तेल काढून नवं भरलं, पाइपातली हवा काढली आणि म्हणाला, "जाय, आता टाचणीवर थांबन." गाडी तीन दिवस थांबली. चौथ्या दिवशी लिव्हर पुन्हा मुठीला. मग ब्रेकचे पॅड बदलले. नवे पॅड इतके कडक, ब्रेक दाबला की असे किंचाळायचे की शेजारच्या नत्थुजींची म्हैस दावं तोडायला बघायची, थांबायचं मात्र नाव नाही. मग अनुपने लिव्हर दाबून धरली आणि रबरी पाइपावर बोट ठेवायला सांगितलं. पाइप बोटाखाली टम्म फुगत होता.

"सारा जोर पाइपच खाऊन राहिला, चाकाले काय भेटन?" अनुप म्हणाला. "आणि चाकावरची डिस्क पाह्य, पापडावानी झाली. पुढचं सारं सामानच मोठं टाकू. अकोल्याले जीवनकडे नव्या गाडीचं पडलं आहे. ठोकलेली गाडी आहे, पण पुढचा भाग चांगला आहे."

"हे महिनाभर आधी सांगतलं असतं त?"

"तू इचारलं का?"

नितेशने कपाळाला हात लावला आणि अकोल्याची एसटी धरली.

जीवन हा अकोल्यातला जुन्या सामानाचा व्यापारी. त्याने मोठी डिस्क दिली, तिला धरणारा मोठा कॅलिपर दिला, वर तोंडभर हमी दिली. अमरावतीला आणून पाहिलं तर कॅलिपरची भोकं गाडीच्या भोकांवर बसेनात, बोटभर अंतर पडत होतं. पुन्हा अकोला. जीवन म्हणाला, लेथवाल्याकडून मधली पट्टी बनवून ठेवतो, सोमवारी ये. सोमवारी नितेश गेला तो श्रावणातला शेवटचा सोमवार निघाला. अख्खं शहर कावडीत. बाजार बंद, रस्ते बंद, महादेवाला वाहायचं पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन पोरांच्या झुंडी नाचत चाललेल्या, आणि ढोलांच्या गर्दीत हा एकटा माणूस हातात भोकं न जुळणारा कॅलिपर घेऊन उभा. वऱ्हाडात जन्मून ज्याला अकोल्याची कावड आठवत नाही त्याला काय म्हणावं, असं एका पोलिसाने त्याला तोंडावर विचारलं. चिडून चिडून त्याला रडूच यायचं बाकी होतं.

पट्टी शेवटी गुरुवारी मिळाली. सोबत लोखंडी जाळीचा न फुगणारा पाइप आणि ब्रेकचं तेल ढकलणारा मोठा सिलिंडर. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी अनुपने सगळं बसवलं. नितेशने वलगाव रस्त्यावर नेऊन दोन बोटांनी लिव्हर दाबली आणि गाडी जागेवर अशी रुतली की त्याचं पोट टाकीवर आपटलं. इतका आनंद त्याला दहावी पास झाल्यावर झाला नव्हता. परत येऊन त्याने गाडी गोठ्यात लावली, अंगणात कडुलिंबापाशी चुन्याची रेघ मारली आणि आचलला म्हणाला, "उद्या सकाळी पाह्य. या रेघेवर थांबली नाही त मी तिले स्वतः विकतो." मग तो सणाचा झेंडू घेऊन अमरावतीच्या बाजाराला गेला, तो घरी आला तेव्हा सगळी निजली होती.

पोळ्याच्या सकाळी अंगणात आचल उभी, चंद्रभान बाजेवर बसलेला, नत्थुजी कुंपणापलीकडून मान वर काढून. नितेशने ऐटीत गाडी फाटकापासून सोडली. रेघेच्या अलीकडे दोन बोटांनी ब्रेक दाबला. मग चार बोटांनी. मग दोन्ही पाय जमिनीला घासत तो रेघ ओलांडून, कडुलिंब ओलांडून, उरलेल्या झेंडूच्या क्रेटमध्ये घुसला.

त्याला लागलं नाही. लागलं असतं तर बरं, निदान कोणी हसलं नसतं. आचल मात्र हसली नाही. ती सरळ घरात गेली, आणि नितेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने गाडी तशीच पडू दिली आणि अनुपला फोन लावला. सणाच्या सकाळी बोलू नये ते सगळं बोलला. महिनाभराचं सगळं काढलं.

अनुपने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काल थांबली होती ना बे? रात्रीतून काय झालं? डिस्कवर बोट फिरव अन् सांग."

नितेशने बोट फिरवलं. बोट पिवळं झालं, चिकट झालं. त्याने हुंगून पाहिलं. हळद आणि तूप. डिस्कला दोन्ही बाजूंनी अगदी मन लावून चोपडलेलं होतं, कॅलिपरच्या फटीत पळसाच्या पानाचा तुकडा अडकला होता.

वऱ्हाडातल्या माणसाला पुढे काही सांगावं लागत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांद शेकतात. जू ओढून ओढून दुखलेल्या खांद्यावर पळसाच्या पानाने तूप-हळद चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. नितेशने वळून बापाकडे पाहिलं. चंद्रभान स्वतःच्या पिवळ्या बोटांकडे पाहत होता.

"बाबा, तुमी?"

"म्याच केलं."

"काहून?" नितेश ओरडलाच. "गाडी हाय ते! ब्रेकले तूप लावते का कोनी? मी मेलो असतो!"

"मले काय मालूम?" चंद्रभान आधी त्याच आवाजात बोलला, मग आवाज उतरला. "संध्याकाळ झाली, तूप-हळद कालवून बसलो. दोन वर्सं झाली, हात रिकामेच राह्यतात पोळ्याले. गोठ्यात पाहतो त हेच उभं. महिनाभर तू तिच्या त्याच जागेवर हात लावून बसलेला. म्हटलं, तिची खांद तिथंच दुखत असन."

नितेशला बरंच काही बोलायचं होतं. अकोल्याच्या फेऱ्या, कावड, भोकं, पट्टी, सगळं घशापर्यंत आलं होतं. पण ज्या गाडीला हा माणूस रोज शिव्या घालत होता तिच्यापुढे उकिडवा बसून तो काल आवतण देत होता, हे डोळ्यांसमोर आलं आणि त्याचा राग जिरला. जिरला म्हणून त्याला स्वतःचाच राग आला, ती गोष्ट वेगळी.

घरातून आचल बाहेर आली. तिच्या हातात गरम पाण्याची बादली आणि भांड्यांचा साबण होता. तिने सगळं ऐकलं होतं. "मामाजी, तुमी बसा," ती सासऱ्याला म्हणाली आणि नितेशजवळ बसून डिस्क घासायला लागली. तूप प्यालेले पॅड काढून नितेशने कॅलिपरसोबत आलेले दुसरे, तसेच कडक पॅड लावले, मग म्हैस दावं तोडो की काही होवो. बाहेर रस्त्यावर दोनदा ब्रेक लावून पाहिला. दोन्ही वेळा गाडी रुतली. नत्थुजींची म्हैसही ओरडली.

अंगणात परत आला तर चंद्रभान चुन्याच्या रेघेवर उभा.

"बाबा, हटा!"

"चालव तू. बैल मालकावर पाय देत नाही."

"बैल नोहे ते! हटा म्हणतो ना!"

म्हातारा हलेना. नितेशने आचलकडे पाहिलं, तिनेही हात टेकले. शेवटी त्याने दात खाऊन गाडी सोडली आणि दोन बोटांनी लिव्हर दाबली. पॅड किंचाळले, पुढचं चाक दबलं आणि रेघेच्या वीतभर अलीकडे थांबलं. चंद्रभानच्या धोतराला धूळसुद्धा लागली नाही. आचल पुढे आली आणि नितेशच्या खांद्यावर हात ठेवून मागे बसली.

चंद्रभानचे डोळे भरले होते. तो वाकला आणि शाबासकी द्यायला डिस्ककडे हात नेऊ लागला.

"हात नोका लावू!" दोघंही एकदम ओरडले.

चंद्रभानने दचकून हात मागे घेतला. मग जरा विचार करून तो टाकीवर ठेवला, आणि गाडी बंद होईपर्यंत तिथून काढला नाही.